आंजर्ल्याचा जिताडा आणि एक नारळ

गळाने मासे धरायला कार्तिकी पौर्णिमेला कोकणातल्या आंजर्ल्यात उतरलो तेव्हा माझ्या पेटीत एकोणीस ल्युअर, म्हणजे माशांना फसवणारी खोटी आमिषे, होते. पुण्यात आठवडाभर रात्री जागून त्यांचे कप्पे लावण्यात जो आनंद मिळाला, तेवढा पुढचे चार दिवस पाण्याकाठी मिळाला नाही, ही कबुली सुरुवातीलाच देतो.

ते चार दिवस थोडक्यात सांगण्यासारखेच आहेत. हर्णैला सुवर्णदुर्गासमोरच्या खडकांवरून ४० ग्रॅमच्या जिगा, म्हणजे धातूचे जड ल्युअर, फेकल्या. दोन कपारीत अडकून गेल्या आणि तिसरी एका प्लास्टिकच्या पोत्याला घेऊन परत आली. उधाणाचे दिवस असल्यामुळे ओढ जोराची होती आणि जोग नदीच्या मुखापाशी तळाचा सगळा गाळ ढवळून वर आला होता. त्यातही मी सवयीने पहाटेच जात होतो. ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या काकूंनी चौथ्या दिवशी चहा देताना विचारले, "सुकतीला जाऊन काय मिळणार तुम्हाला? तिथीची पाऊणपट करायची की भरतीची वेळ येते. शाळेत नाही शिकवलं?" शाळेत शिकवले नव्हते. पौर्णिमेची तिथी पंधरा धरली तर पूर्ण भरती सुमारे सव्वाअकराला येते, म्हणजे माझी पहाट नेमकी सुकतीत, पाणी पार ओसरलेले असताना, जात होती. षष्ठीला मात्र भरती साडेचारला भरणार होती आणि मावळतीच्या वेळी पाणी उतरत असणार होते. शिवाय अष्टमीचा भांग, म्हणजे उधाणाच्या उलट कमी भरती-ओहोटीचे दिवस, जवळ आल्यामुळे ओढ कमी होऊन पाणी निवळू लागले होते.

षष्ठीच्या दुपारी काकूंचा मुलगा माझ्यासोबत खाडीच्या पुलाखाली आला. तो गरवतो कोळंबी लावून, त्यामुळे माझ्या पेटीकडे त्याने लग्नातल्या रुखवताकडे पाहावे तसे पाहिले. पाणी उतरू लागले की तिवरांतल्या ओहोळांतून बोयांची पिल्ले आणि कोळंबी खाडीत ओढली जातात, आणि मोठा मासा ओढीत दमण्याऐवजी खांबाच्या आडोशाला उभा राहून त्यांची वाट पाहतो. त्यामुळे गढूळ पाण्यासाठी घेतलेले भडक पिवळे आणि खुळखुळणारे ल्युअर मी बाजूला ठेवले. पाण्यावर उडत आवाज करणारा पॉपरही ठेवून दिला. संध्याकाळच्या स्थिर पाण्यात तिवरांच्या मुळांशी दडलेल्या तांबोशी माशासाठी तो उत्तम आहे, पण वाहत्या पाण्यात त्याचा नुसता गोंगाट होतो. शेवटी चार इंची, पांढुरका, शेपटी हलवणारा रबरी मासा १० ग्रॅमच्या शिशाच्या डोक्यावर लावला. त्याला एकच गळ होता आणि त्या गळाचा उलटा काटा मी पकडीने दाबून टाकला होता. खांबांना कालवे चिकटलेली असतात आणि त्यांची धार दोरा कापते, म्हणून पुढे हातभर ४० पौंडी जाड दोरा जोडला.

रबरी मासा खांबाच्या वरच्या अंगाला टाकून तो ओढीबरोबर तळाशी जाऊ दिला आणि रीळ जवळजवळ न फिरवता थांबलो. सहाव्या की सातव्या फेकीला दोऱ्याला एक जड ठोका बसला, आणि पुढच्याच क्षणी मासा पाण्याबाहेर उसळून डोके झटकू लागला. दहाएक मिनिटांनी तो काठाला लागला: जिताडा, अंदाजे पाच किलोंचा, कडेने चांदीसारखा आणि मावळतीच्या उजेडात डोळे तांबूस चमकणारा. माझे हात थरथरत होते. मुलाने तेवढ्यात घरी फोन केला होता.

आणि मी तो मासा सोडला. जिताडा साधारणपणे आधी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो. अंडी घालायला तो खाडीच्या मुखाशीच येतो. मोठ्या माशाला पाण्यात ठेवावे असे मी पुण्यात बसून ठरवले होते. त्याला शेपटीजवळ धरून ओढीकडे तोंड करून उभा राहिलो, आणि कल्ले नीट चालू लागल्यावर तो हातातून निसटला. मुलगा काहीच बोलला नाही. परतताना त्याने फक्त एवढेच विचारले, "आईला तुम्ही सांगाल की मी?"

काकूंनी वाटण तयार ठेवले होते. अलिबाग-पेणकडे तळ्यात जिताडा पाळून जावयासाठी राखून ठेवतात, हे त्यांनी मला न रागावता सांगितले, आणि ते न रागावणेच मला जास्त लागले. ज्यांच्या खाडीत मी उभा होतो त्यांना मी एका शब्दानेही विचारले नव्हते. पाळलेला नियम आजही मला चुकीचा वाटत नाही. पण तो पाहुण्याने यजमानाच्या पाण्यात पाळला, हे खटकत राहते. त्या वाटणात सोडे आणि वांगी पडली, आणि ती मी मान खाली घालून दोनदा वाढून घेतली.

निघताना हिशेबाचा कागद हातात आला. चहा, जेवण, खोलीचे भाडे सगळे नेहमीप्रमाणे होते, आणि तळाशी वेगळ्या ओळीत लिहिले होते: एक नारळ.