चाराचे तीन

परवा दुपारी जेवणानंतरची आवराआवर संपवून मी मेथीची जुडी निवडायला बसले होते, तेवढ्यात मानसशास्त्र शिकणाऱ्या माझ्या लेकीने एक कागद पुढे सरकवला. सरावासाठी तिला कोणीतरी हवे होते आणि त्या वेळी घरात जागी अशी मीच होते. कागदावर पाच विधाने होती: गेल्या दोन आठवड्यांत मी आनंदी होते, शांत होते, अंगात उत्साह होता, सकाळी उठताना ताजेतवाने वाटत होते आणि मन रमेल अशा गोष्टी रोजच्या आयुष्यात भरपूर होत्या. प्रत्येकापुढे ० ते ५ पैकी एक आकडा घालायचा आणि बेरजेला चाराने गुणायचे, की शंभरापैकी आपले किती ते कळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या नावाने ही प्रश्नावली १९९८ पासून चालत आलेली असल्यामुळे थट्टेवारी नेण्याची सोय नव्हती.

"फार विचार करायचा नसतो, आई," ती म्हणाली. पण ३ म्हणजे 'निम्म्याहून अधिक वेळ' असे छापलेले असताना चौदा दिवसांचा हिशेब न करता आकडा घालणे मला लबाडीचे वाटले, म्हणून मी उठून भिंतीवरचे कालनिर्णय पाहिले. बाईंचे दोन खाडे, आठ तारखेला लावलेला सिलिंडर, एका चौकटीत 'दूध नाही' आणि दुसरीत दाताच्या डॉक्टरांची वेळ एवढे सापडले. आनंद कोठेही टिपलेला नव्हता. खरे सांगायचे तर त्या पंधरवड्यात मला सर्वांत बरे वाटले होते ते भाजी निवडतानाच. काड्या कागदावर, पाने परातीत आणि मन कोठेच नाही, ही अवस्था शांतपणात धरावी की मन रमण्यात, हे काही ठरेना.

आमच्याकडे सुखाची नोंद ठेवण्याची रीतच नव्हती. कोणी खुशाली विचारली की आजीचे उत्तर ठरलेले असे, "बरं चाललंय." मुलाला नोकरी लागली तरी बरं, गाय व्याली तरी बरं. 'मजेत' हा शब्द मी तिच्या तोंडून ऐकलाच नाही, आणि मलाही तो अजून सहजासहजी उच्चारवत नाही. वाईला कृष्णाबाईच्या उत्सवात मी नवे परकर-पोलके घालून मिरवून आले, की दिवेलागणीला आजी मला पाटावर बसवी, मुठीत मीठ, मोहरी आणि सुक्या लाल मिरच्या घेऊन डोक्यापासून पायांपर्यंत उतरवी आणि शेगडीतल्या निखाऱ्यांवर टाकी. मोहरी तडतडायची, मिरच्या काळ्या पडायच्या. ठसका लागला नाही तर दृष्ट जबर होती, असा हिशेब असल्यामुळे मी डोळ्यांत पाणी येईपर्यंत श्वास रोखून धरत असे. कारण दृष्ट जेवढी मोठी, तेवढे आपण देखणे, हे मी मनाशी पक्के केले होते.

सुखी देशांच्या यादीत २०१८ पासून सलग कित्येक वर्षे पहिला येणाऱ्या फिनलंडमध्येही, ज्याच्यापाशी सुख आहे त्याने ते झाकून ठेवावे, अशा अर्थाचे वचन रूढ आहे. हे वाचले तेव्हा मला आजीची आठवण होऊन हसू आले होते. ते हसू ओसरले पुढे आत्याने सांगितले तेव्हा. आजीची पहिली मुलगी फार गोरी, टपोऱ्या डोळ्यांची होती. बारशाला आलेल्या बायकांनी तोंड भरून कौतुक केले आणि आजीनेही त्या दिवशी, सर्वांसमक्ष, आपल्यासारखी सुखी कोणी नाही, असे म्हटले. मुलगी तीन महिन्यांची होण्याआधी तापाने गेली. त्यानंतर जन्मलेल्या पाचही मुलांबद्दल आजी "बरं आहे" याच्या पुढे कधी गेली नाही.

पाचव्या विधानापुढे मी ४ लिहिले होते. लेक खिडकीपाशी फोनवर बोलत होती, हसत होती, दुपारचे ऊन तिच्या केसांवर आले होते. मी पेन उचलून चाराचे तीन केले. कागद परत घेताना तिने ती खाडाखोड पाहिली, पण उत्तर देणाऱ्याला टोकायचे नसते असा नियम असावा, म्हणून काही विचारले नाही. जुडी अजून अर्धी राहिली होती.