कुंपणावरची लाइन

अमेरिकेत कॅन्ससमधल्या एका छोट्या संग्रहालयात मी जुने टेलिफोन दुरुस्त करतो. पुण्यात टेलिफोन खात्यात उमेदवारी करताना शिकलेलं इथे रोज कामी येतं. त्या शनिवारी एका शेतावर काटेरी तारेच्या कुंपणावरून फोन चालवून दाखवायचा होता, आणि आदल्या रात्रीच पाऊस पडून गेला.

सव्वाशे वर्षांपूर्वी इथल्या शेतकऱ्यांनी हेच केलं होतं. ग्रॅहॅम बेलची टेलिफोनची मूळ पेटंटं १८९३ आणि १८९४ मध्ये संपली आणि फोन बनवणारे नवे कारखाने उभे राहिले. फोनची लाकडी पेटी कॅटलॉगमधून मागवता येऊ लागली. पण दूरदूर विखुरलेल्या एकेका घरासाठी खांब रोवणं कंपन्यांना परवडेना. कुंपण मात्र दारापर्यंत आलेलंच होतं. मग वरची तार हीच लाइन, करंटची परतीची वाट जमिनीतून. फाटक आलं की तार उंच दांड्यांवरून पलीकडे न्यायची. बोलायला पेटीतले सेल, घंटीला मॅग्नेटो, म्हणजे हाताने फिरवून वीज काढायचं छोटं यंत्र. मधे एक्स्चेंज नाही. आजही ते जोडताना मला त्या माणसांचा फार आदर वाटतो.

सकाळी हँडल फिरवलं, तर पलीकडे घंटी वाजेना. करंट कुठे गळतोय का ते दाखवणारा मेगर लावला, काटा शून्यालगत. खांब कोरडे असले तर लाकूड निभावून नेतं. भिजले की सगळा करंट यू-खिळ्यांतून जमिनीत. म्हणून तर त्या लोकांनी बाटल्यांच्या माना, चामड्याच्या पट्ट्या, मक्याची दाणे काढलेली कणसं, हाताला लागेल ते तार आणि खांबाच्या मधे घातलं. आम्ही जुनी रबरी ट्यूब कापून तुकडे घातले. ओढ्याकडच्या बाजूला ओलं गवत तारेला टेकलं होतं, ते छाटलं. बाराच्या सुमाराला ऊन पडलं आणि घंटी वाजली.

मी कोठारापाशी, सहकारी अर्ध्या मैलावर फाटकापाशी, तिसरी पेटी पाहुण्यांसाठी झाडाखाली. बोलता बोलता त्याचा आवाज एकदम खाली गेला. पुन्हा लीकेज, असं वाटून वळलो. नव्वदीच्या एका आजींनी तिसरा रिसीव्हर कानाला लावला होता आणि दुसरा तळवा बोलायच्या भोंग्यावर घट्ट दाबला होता. आपला श्वास पलीकडे ऐकू जाऊ नये म्हणून.

त्यांच्या लहानपणी घरी अशीच सामायिक लाइन होती. दोन लांब, एक आखूड ही त्यांची घंटी. एकच खूप लांब घंटी आली की सगळ्यांनी उचलायचं: कुठे आग लागलीय, वादळ येतंय. एरवी दुसऱ्याच्या घंटीलाही उचलायचेच. जितके रिसीव्हर वर, तितका आवाज बारीक, त्यामुळे बोलणाऱ्याला शेजारी ऐकताहेत हे लगेच कळायचं. हे सर्किट मी शाळकरी मुलांना कितीदा फळ्यावर काढून दाखवलं होतं. तो तळवा मात्र कुठल्याच आकृतीत नव्हता.

हे त्यांनी नंतर सांगितलं. त्या क्षणी सहकारी फाटकापासून विचारत होता, "लाइनवर कोण आहे?"

आजींनी भोंग्यावरचा हात काढला नाही.