फुंकणी

खरं सांगायचं तर पुण्याला गेलो होतो ते पॉइंटांसाठी. मेडिकल कौन्सिलचं रजिस्ट्रेशन दर पाच वर्षांनी नवं करावं लागतं, त्याला ३० क्रेडिट पॉइंट लागतात आणि माझे काही कमी पडत होते. रविवारची हेड-नेक रेडिओलॉजीची सीएमई, म्हणजे असे पॉइंट देणारी डॉक्टरांची शिकवणी, हाती लागली. पहाटे साडेचारला गाडी काढली. दुपारी श्रीखंड-पुरी, आणि त्यानंतरचं सत्र तोंडाच्या कॅन्सरचं. बोलणाऱ्याची कसोटीच.

बोलणाऱ्या मॅडमनी सीटी स्कॅनची दोन चित्रं शेजारी लावली. एकच पेशंट, एकच दिवस. डावीकडे गाल हिरडीवर पडलेला, मधे राखाडी गोळा; कुठून निघाला, काही कळत नाही. उजवीकडे तोच माणूस गाल फुगवून. मधे हवेची काळी फट, गाठ गालाला चिकटलेली आणि हिरडी मोकळी. "हवा हा फुकटचा कॉन्ट्रास्ट आहे," मॅडम म्हणाल्या. कॉन्ट्रास्ट म्हणजे स्कॅनमध्ये भाग वेगवेगळे उठून दिसावेत म्हणून शिरेतून देतो ते औषध.

माझी झोप खाडकन उडाली. गुरुवारीच मी असा एक रिपोर्ट सही करून दिला होता. डाव्या खालच्या बाजूची गाठ, गाल आणि हिरडी दोन्हींत, जबड्याला लागून. 'हाड बाधित असण्याची शक्यता नाकारता येत नाही.' हे वाक्य आम्हा रेडिओलॉजिस्टांचं चिलखत. आपल्या अंगावर काही येत नाही, पेशंटच्या मात्र जबड्यावर येतं. त्या वाक्यावर सर्जन हाडाचा अख्खा तुकडा काढू शकतो.

चहाच्या सुट्टीत सर्जनला फोन लावला.

"ऑपरेशन कधी आहे?"

"शुक्रवारी. का रे?"

"तो सीटी मला परत करायचाय."

"पैसे कोण देणार?"

"कुणीच नाही."

मंगळवारी त्या रिपोर्टच्या पेशंट, मावशी, आल्या. वय अठ्ठावन्न. पहिल्या वेळच्या फॉर्मवर आमच्याच माणसानं लिहिलेलं: तंबाखू – नाही. मी पुन्हा विचारलं. "छे हो डॉक्टर, तंबाखू कशाला खाऊ? नुसती मिसरी लावते." तव्यावर काळी होईस्तोवर भाजलेली, चुरलेली तंबाखूच ती. चाळीस वर्षं रोज सकाळ-संध्याकाळ बोटानं हिरडीला, आणि गाठही नेमकी तिथंच. फॉर्ममधला प्रश्न बदलायला हवा, हे तेव्हा सुचलं.

कॉन्ट्रास्ट द्यायचा म्हणून किडनीची तपासणी, क्रिएटिनिन, पाहून घेतलं. फक्त तोंडापुरता स्कॅन, सोळा स्लाइसचं मशीन, काही सेकंदांचं काम. पण गाल फुगेनात. टेक्निशियन पोरगा समोर उभा राहून बेडकासारखे गाल फुगवून दाखवायचा, की मावशी पदर तोंडाला लावून हसायच्या. टेबलावर झोपवलं की ओठांतून फुस्स. फुग्याचं उदाहरण दिलं, शिट्टीचं दिलं. तीन-चार वेळा तेच.

"मावशी, चूल फुंकायचात ना?"

"आता गॅस आलाय. पण जन्म त्यातच गेला की."

"फुंकणीत हवा सोडण्याआधी गाल भरून घ्यायचात, तेवढंच करायचं. फुंकायचं नाही. श्वास नाकानं."

दोन्ही गाल टम्म. एका झटक्यात.

कॉन्ट्रास्ट गेला, टेबल आत सरकलं. मी आणि पोरगा काचेमागे स्क्रीनवर वाकलो. पुढच्या दाढांपासून मागे येत गेलो: काळी फट, काळी फट, अजून काळी फट. गाठ गालाची. हिरडीची कड रेघेसारखी स्वच्छ. अगदी मागे, अक्कलदाढेमागच्या कोपऱ्यात, फट बुजलेली. तिथं मात्र गाठ हिरडीला टेकली होती. हा कोपरा वाईट, तिथून रोगाला वर कवटीच्या तळाकडे वाट मिळते. पण त्यामागची चरबी शाबूत दिसली. बोन विंडो लावली, म्हणजे चित्र हाड नीट दिसेल असं केलं. हाडाची पांढरी कड कुठंही कुरतडलेली नव्हती. वर 'सुधारित' लिहून नवा रिपोर्ट त्याच संध्याकाळी दिला. सर्जन एवढंच म्हणाला, "हे गुरुवारी का नाही केलंस?" शुक्रवारी त्यानं हाडाची वरची कड तेवढी घेतली, जबडा अखंड ठेवला.

पण ते नंतरचं. तेव्हा आम्ही दोघं स्क्रीनमध्ये इतके बुडालो होतो की पोरानं टेबल बाहेर घेतलं तरी मावशींना काही सांगायचं राहिलं. दार उघडून आत गेलो तर त्या तशाच छताकडे बघत, गाल भरून पडलेल्या. मला पाहून त्यांनी हातानंच विचारलं, सोडू का?