टेस्टच्या फंक्शनला मुद्दाम नापास करायला लावणं: पर्लमधला इंटरसेप्ट

गोव्यातल्या पत्त्याचा पिनकोड ४०३ ने सुरू होतो. पणजी ४०३००१, फोंडा ४०३४०१, म्हापसा ४०३५०७, मडगाव ४०३६०१, वास्को ४०३८०२. सीमेवरच्या पत्रादेवीच्या पलीकडून, सावंतवाडीहून रोज कामाला येणाऱ्याने घरचा पत्ता भरला की तिथे ४१६५१० येतो. त्यामुळे इथल्या पत्त्यांवर काम करणाऱ्या कोडच्या टेस्टमध्ये एक छोटं फंक्शन हमखास जन्माला येतं: दिलेला पिन गोव्याचा आहे का, ते सांगणारं. त्याला ‘गोवा-पिन’ म्हणू.

हे फंक्शन एकदा लिहिलं की पन्नास ठिकाणी वापरलं जातं, पण त्याची स्वतःची टेस्ट सहसा कोणी लिहीत नाही. बरोबर पिनला ते पास म्हणतं हे रोज दिसतं. चुकीच्या पिनला ते खरंच नापास म्हणतं का, हे बघायचं तर टेस्ट नापास व्हावी लागते, आणि एक टेस्ट नापास झाली की अख्खी फाइल नापास. म्हणून तो भाग राहून जातो. माझ्या मते टेस्टच्या कोडमधली सगळ्यात धोकादायक जागा हीच. कधीच नापास न करणारं फंक्शन वर्षानुवर्षं हिरवं, म्हणजे पास, राहतं आणि कोणालाही संशय येत नाही.

पर्ल या प्रोग्रामिंग भाषेत यावर नेमका उपाय आहे. टेस्ट२ ही पर्लमध्ये टेस्ट लिहिण्याची लायब्ररी, तिच्या एपीआयमधलं ‘इंटरसेप्ट’ हे फंक्शन पर्ल ५.२६ पासून, म्हणजे २०१७ पासून, पर्लबरोबरच येतं, वेगळं काही बसवावं लागत नाही. त्याला कोडचा एक ब्लॉक द्यायचा. ब्लॉकच्या आत जे काही पास, नापास, सूचना, प्लॅन (किती टेस्ट होणार ती घोषणा) घडेल ते बाहेर न जाता एका यादीत जमा होतं आणि ती यादी हातात मिळते. ब्लॉकच्या शेवटच्या महिरपी कंसानंतर अर्धविराम विसरू नका. दिसायला ब्लॉक असला तरी हा फंक्शनला केलेला कॉल आहे, अर्धविराम राहिला की पुढच्या ओळीवर सिंटॅक्स एरर येते आणि चूक भलतीकडेच शोधली जाते.

आत काय होतं ते समजून घेतलं की पुढचे घोटाळे आपोआप कळतात. टेस्ट२ मध्ये प्रत्येक निकाल हा एक इव्हेंट असतो आणि इव्हेंट हबकडे जातो. हब मोजणी ठेवतो आणि फॉर्मॅटरकडून स्क्रीनवर छापून घेतो. हबांची एक चळत असते, सगळ्यात वरचा हब चालू हब. इंटरसेप्ट या चळतीवर तात्पुरता नवा हब ठेवतो, ज्याला फॉर्मॅटर नसतो, फक्त इव्हेंट टिपून घेणारा कान असतो. ब्लॉक संपला की तो हब काढून टाकला जातो. खालच्या खऱ्या हबला यातलं काहीच कळत नाही, त्याचा टेस्ट क्रमांकही पुढे सरकत नाही.

आता ‘गोवा-पिन’ कसं लिहायचं? पहिल्याच ओळीत कॉन्टेक्स्ट घ्यायचा, म्हणजे फंक्शन कुठून बोलावलं आणि चालू हब कोणता हे धरून ठेवणारा ऑब्जेक्ट. पिन जुळला तर ‘पास-अँड-रिलीज’ (निकाल देऊन कॉन्टेक्स्ट सोडणं), नाही जुळला तर ‘फेल-अँड-रिलीज’ आणि सोबत मिळालेला पिन दाखवणारा संदेश. कॉन्टेक्स्टमुळे नापास झाल्याची ओळ तुमच्या फंक्शनमधली न दाखवता ज्याने फंक्शन बोलावलं त्याची दाखवली जाते. रिलीज राहिला तर पर्ल इशारा देतं. तो इशारा दाबू नका, जागा दुरुस्त करा.

मग पिन जुळवणारा पॅटर्न. बहुतेक जण असा लिहितात: सुरुवातीची खूण, चार-शून्य-तीन, पुढे बॅकस्लॅश-डी तीन वेळा आणि शेवटी डॉलर. यात दोन भोकं आहेत. एक, डॉलर हा शेवटच्या न्यूलाइनच्या आधीही जुळतो. फाइलमधून ओळ वाचून चॉम्प करायचं, म्हणजे शेवटची न्यूलाइन काढायची, राहिलं, तर न्यूलाइन चिकटलेला पिन खुशाल पास होतो. डॉलरच्या जागी बॅकस्लॅश आणि लहान झेड लिहा. दुसरं भोक आपल्याकडे जास्त चावतं. बॅकस्लॅश-डी म्हणजे फक्त इंग्रजी अंक नव्हेत. युनिकोड मजकुरात तो देवनागरी अंकांनाही जुळतो. गोव्यात मराठी आणि कोकणी दोन्ही देवनागरीत टाइप होतात, पिन लिहिताना मध्येच कीबोर्ड बदलला की पहिले तीन अंक इंग्रजी आणि पुढचे तीन देवनागरी असा पिन तयार होतो. हा पॅटर्न त्यालाही पास म्हणतो. पॅटर्नच्या शेवटी ‘ए’ हा मॉडिफायर लावला की बॅकस्लॅश-डी इंग्रजी अंकांपुरताच राहतो. तो पर्ल ५.१४ पासून आहे.

म्हणून इंटरसेप्टच्या ब्लॉकमध्ये पाच पिन द्या: पणजीचा बरोबर, सावंतवाडीचा, पाचच अंकी, न्यूलाइन चिकटलेला आणि मिश्र अंकांचा. पहिला पास, बाकी चार नापास हवेत.

इथे एक फसगत आहे, आणि तीच सगळ्यात वाईट. टेस्ट फाइलच्या वर ‘यूज यूटीएफएट’ (फाइल यूटीएफ-८ मध्ये आहे असं पर्लला सांगणारी ओळ) नसेल, तर फाइलमधले देवनागरी अंक पर्लला अंक म्हणून दिसतच नाहीत, नुसते बाइट दिसतात. एका अंकाचे तीन, म्हणजे तिघांचे नऊ. नऊ बाइट पॅटर्नला जुळत नाहीत, मिश्र पिन नापास होतो आणि तुमची टेस्ट म्हणते, छान, अपेक्षेप्रमाणे नापास. भोक मात्र तसंच उघडं. त्यामुळे नवी टेस्ट लिहिल्यावर जुना, ‘ए’ नसलेला पॅटर्न एकदा परत घालून बघाच. टेस्ट लाल, म्हणजे नापास, झाली नाही तर ती काहीच तपासत नाहीये.

यादी हातात आल्यावर तिची लांबी मोजून निकाल लावू नका. ‘फेल-अँड-रिलीज’ने एकच इव्हेंट येतो, संदेश त्याच्या पोटातच असतो. पण आत टेस्ट-मोअर या नेहमीच्या टेस्ट मॉड्यूलचं साधं ‘ओके’ वापरलं असेल, तर नापास निकाल हा एक इव्हेंट आणि ‘अमुक ओळीवर नापास’ ही सूचना दुसरा. ‘हा इव्हेंट ओके वर्गाचा आहे का’ असंही विचारू नका, कारण पास-अँड-रिलीजचा इव्हेंट वेगळ्या वर्गाचा असतो. इव्हेंटकडे फॅसेट डेटा, म्हणजे त्याची भागवार माहिती, मागा आणि त्यातल्या ‘असर्ट’मधला ‘पास’ वाचा. हे दोन्हींना लागू पडतं. नवीन आवृत्त्यांमध्ये यादीलाच मेथड आहेत: ‘असर्ट्स’ फक्त निकाल देते, ‘स्टेट’ एकूण मोजणी आणि नापासांची संख्या देते. सबटेस्टचे (टेस्टच्या आतल्या टेस्टचे) आतले इव्हेंट मुख्य यादीत मिळत नाहीत, सबटेस्टच्या इव्हेंटमध्ये ‘सबइव्हेंट्स’ म्हणून बघावे लागतात. आणि नापास झालं एवढ्यावर थांबू नका, संदेशात तो पिन आहे का तेही तपासा. ट्रेसमधली (इव्हेंट कुठे घडला त्या नोंदीतली) ओळही बघा, ती ब्लॉकमधली हवी.

काय अडकत नाही, तेही माहीत हवं. ब्लॉकमधला साधा प्रिंट किंवा वॉर्न सरळ स्क्रीनवर जातो, तो इव्हेंट नाही. ब्लॉकमध्ये डाय झालं, म्हणजे एररने कोड थांबला, तर एरर बाहेर फेकली जाते आणि तोपर्यंतची यादी मिळत नाही, म्हणून जिथे डाय अपेक्षित आहे तिथे ब्लॉकच्या आतच एरर पकडणारा इव्हॅल लावा. कॉन्टेक्स्ट ब्लॉकच्या बाहेर घेऊन आत वापरला तर त्याचा निकाल खऱ्या हबकडे जातो, कारण कॉन्टेक्स्ट घेताना जो हब होता तोच त्याने धरून ठेवलेला असतो. ‘हे तर इंटरसेप्टमध्ये होतं, बाहेर कसं आलं’ या प्रश्नाचं उत्तर बहुधा इथेच सापडतं. फोर्क केलं, म्हणजे प्रोसेसची दुसरी प्रत (मूल) सुरू केली, तर मुलाची यादी मुलाकडेच राहते. ती पालकाकडे हवी तर प्रोसेसमध्ये इव्हेंट पोचवणारं टेस्ट२ आयपीसी आधी लोड करा.

पूर्वी हे काम टेस्ट-बिल्डर-टेस्टर या मॉड्यूलने व्हायचं. त्यात छापला जाणारा मजकूर अक्षर न अक्षर लिहून जुळवावा लागे, कुठल्या ओळीवर नापास होणार तेही मोजून सांगावं लागे. मजकुरात एक रिकामी जागा वाढली की टेस्ट मोडायची. जुन्या कोडमध्ये ते दिसलं तर सवडीने इंटरसेप्टवर आणा.

या टेस्ट वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि फाइलच्या नावाआधी दोन शून्यं लावा. टेस्ट चालवणारी प्रूव्ह ही कमांड फोल्डरमधल्या फाइली नावाच्या क्रमाने घेते, त्यामुळे ही पहिली चालते. ‘गोवा-पिन’च बिघडलं असेल तर पुढच्या फाइलींच्या निकालाला अर्थ नाही, म्हणून फाइलच्या शेवटी, काही नापास झालं असेल तरच चालेल असा बेल-आउट (सगळ्या टेस्ट थांबवण्याचा आदेश) लावा. तो इंटरसेप्टच्या ब्लॉकबाहेर हवा. आत लिहिलात तर तोही इतरांसारखाच यादीत जमा होतो, फक्त ब्लॉक तिथे थांबतो आणि प्रूव्ह पुढच्या फाइलीकडे वळते.