टॉवर ऑफ लंडनच्या किल्ल्या

लंडनला गेलो तेव्हा टॉवर या जुन्या किल्ल्यातले गडद निळ्या-लाल ड्रेसवाले बीफईटर, म्हणजे तिथले रखवालदार, बघून आधी वाटलं फोटोसाठीच उभे केलेत, पण नाही हो, यातला प्रत्येकजण सैन्यात किमान 22 वर्षं काढून आलेला असतो आणि बायकापोरांसकट किल्ल्यातच राहतो. 2007 मध्ये पहिली बाई पण आली यात, मला फार भारी वाटलं ते. आणि रात्री 10 च्या आधी दरवाजे बंद करायला कंदील घेऊन निघतात, पहारेकरी अडवून विचारतो कोण आहे, उत्तर येतं किल्ल्या, कोणाच्या किल्ल्या, तर राजाच्या! शेकडो वर्षं रोज रात्री हेच. दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब पडला म्हणून उशीर झाला तर पहाऱ्यावरच्या अधिकाऱ्याने राजाला पत्र लिहून माफी मागितली.