बँकॉकमध्ये थाई शिकताना: बाराखडी ओळखीची, तारखा राशींच्या

बँकॉकच्या चेंग वत्थना भागातल्या सरकारी संकुलात, 'बी' इमारतीत, इमिग्रेशनचं मोठं कार्यालय आहे. भाषाशाळेत शिकणाऱ्यांच्या इथे फेऱ्या होतच राहतात. तिथल्या तारखा आधी गोंधळात टाकतात. थाई कागदांवर बुद्धसंवत असतो, म्हणजे आपल्या सनात 543 मिळवायचे. 2025 म्हणजे 2568. महिने मात्र आपल्या राशींचे. जानेवारी 'मकराखोम', मार्च 'मीनाखोम', एप्रिल 'मेसायोन', ऑगस्ट 'सिंगहाखोम'. शेवटी 'खोम' (मूळ 'आगम') असेल तर 31 दिवस, 'योन' असेल तर 30. फेब्रुवारीचा 'कुम्फाफन' तेवढा वेगळा.

शिकायला येणाऱ्यांच्या व्हिसाचं नाव नॉन-इमिग्रंट ईडी (ईडी म्हणजे एज्युकेशन). आधी शिक्षण मंत्रालयाची परवानगी असलेल्या शाळेत प्रवेश घ्यायचा, शाळेकडून पत्रं मिळवायची आणि मग अर्ज करायचा. उतरल्यावर 90 दिवस मिळतात. पुढे टीएम 7 हा अर्ज, 4×6 सेंटिमीटरचा फोटो, शाळेची नवी पत्रं आणि 1,900 बाट देऊन मुदत वाढवायची; भाषाशाळेच्या विद्यार्थ्यांना ती बहुधा 90-90 दिवसांचीच मिळते.

गाडी अडते ती टीएम 30 पाशी. परदेशी माणूस राहायला आल्याची ही नोंद घरमालकाने 24 तासांत करायची असते. त्याने ती केली नसेल, तर बाकी कागद चोख असूनही खिडकीवरून परत पाठवतात. म्हणून भाडेकरार करतानाच या नोंदीच्या पावतीची प्रत मागा. दुसरी चूक सुट्टीत होते. टीएम 8 भरून, एका फेरीचे 1,000 बाट देऊन पुनर्प्रवेशाची परवानगी न घेता देशाबाहेर पाऊल टाकलं, की वाढवलेली मुदत तिथेच रद्द. मुदत उलटून राहिलात तर दिवसाला 500 बाट दंड, जास्तीत जास्त 20,000. या व्हिसावर नोकरी करता येत नाही.

आता भाषा. बऱ्याच शाळा पहिले काही महिने रोमन अक्षरांत शिकवतात. मराठी माणसाने तसं शिकू नये, असं माझं ठाम मत आहे. थाई वर्णमाला आपल्याच क्रमाने चालते: क-वर्ग, च-वर्ग, ट-वर्ग, त-वर्ग, प-वर्ग. व्यंजनं 44, त्यातली दोन आज वापरात नाहीत. थाईत सूर बदलला की शब्दाचा अर्थ बदलतो; त्या सुरांसाठी व्यंजनांचे तीन गट पाठ करावे लागतात: मधला 9, वरचा 11, खालचा 24. इतरांना ही घोकंपट्टी असते, आपल्याला चावी सापडते. मूळचे क, च, ट, त, प मधल्या गटात. ख, छ, ठ, थ, फ आणि श, ष, स, ह वरच्या. ग, घ, ज, द, ध, ब, भ आणि सगळी अनुनासिकं खालच्या. थोडी खास थाई अक्षरं तेवढी वेगळी लक्षात ठेवायची.

हीच ओळख उच्चारात मात्र फसवते. खालच्या गटातला ग आता 'ख' होतो, द 'थ', ब 'फ' (ओठ मिटून, इंग्रजी एफ नव्हे). शब्दाच्या शेवटचे र आणि ल 'न' होतात. म्हणून नगर 'नखोन', आहार 'आहान', गुरू 'ख्रू'. आचार्यचं 'आचान' होतं आणि शेवटचा य लिहिला तरी मुका राहतो. ट आणि त यांत उच्चाराचा फरकच नाही, तेव्हा जीभ वळवायची सवय सोडा. शब्दाच्या सुरुवातीला येणारा ङ अवघड जातो: 'रंग' म्हणताना ग येण्याआधी थांबा आणि त्याच नादाने 'ङू', म्हणजे साप, सुरू करा.

सूर पाच. 'मा' सपाट म्हटलं तर 'येणे', उंच म्हटलं तर घोडा, खालून वर नेलं तर कुत्रा. 'क्लाय' सपाट असेल तर लांब, वरून खाली आला तर जवळ. रिक्षावाल्याला पत्ता सांगताना हा फरक महागात पडतो. शब्द सुट्टा पाठ करू नका, सुरासकट मोठ्याने म्हणा.

मुदतवाढीच्या खिडकीवर अधिकारी कधी कधी थाईतच विचारतात: कुठे शिकता, किती दिवस झाले. जायच्या आदल्या रात्री निदान आपली तारीख तरी मोठ्याने म्हणून पाहा: 'वन थी सिप् हा मेसायोन', 15 एप्रिल.