हा कशाने उघडतो? जर्मनीत टूरिंग सायकल जुळवताना

जर्मनीत सायकलचा दिवासुद्धा सरकारमान्य लागतो. एसटीव्हीझेडओ नावाची वाहनांची नियमावली आहे, तिचं 67 वं कलम सायकलच्या दिव्यांसाठीच आहे. पुढे पांढरा, मागे लाल, दोन्ही पेडलना पिवळे रिफ्लेक्टर, चाकांच्या आऱ्यांमध्ये रिफ्लेक्टर किंवा टायरला चकाकणारी पट्टी. दिव्यावर नागमोडी रेघ, 'के' हे अक्षर आणि नंबर असा शिक्का नसेल तर तो दिवा कितीही लख्ख असला तरी रस्त्यावर चालत नाही. लुकलुकणारा तर नाहीच नाही. बिनदिव्याचं पकडलं तर 20 युरो दंड. सुरुवातीला मला हे सगळं जरा अतीच वाटायचं. पण समोरून येणाऱ्या सायकलचा दिवा डोळ्यांत न घुसता खाली रस्त्यावर पडतो, हा अनुभव घेतल्यावर तक्रार बंद केली. गाडीच्या हेडलाइटसारखी या दिव्यांच्या झोताचीही वरची कड कापलेली असते.

मागच्या लेखानंतर 'जर्मनीत लांब पल्ल्याला सायकल घेताना काय बघायचं' असं बऱ्याच जणांनी विचारलं होतं. नवीन कुठली घ्यावी यावर मी बोलणार नाही. माझी स्टीलच्या फ्रेमची सायकल जुनीच घेतलेली आहे आणि फ्रेम सोडून तिच्यातलं जवळपास सगळं हळूहळू बदललंय. त्या बदलण्यात एक सवय लागली. कुठलाही भाग हातात घेतला की वजन किंवा चकाकी बघायच्या आधी मी विचारते, हा कशाने उघडतो? आणि तो पाना माझ्या पिशवीत आहे का?

दिव्यांपासूनच बघा. 2013 पर्यंत इथे डायनामो सक्तीचा होता, आता बॅटरीचे दिवेही चालतात. शहरात ते ठीक आहेत. पण तंबू घेऊन आठवडाभर निघायचं तर मला पुढच्या चाकाच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यात बसणारा डायनामोच लागतो. लहानपणी टायरला घासून घूंऽऽ करणारा, चढावर पाय ओढणारा डायनामो आठवत असेल तर तो विसरा. हबमधला फिरतोय हे कळतही नाही. 6 व्होल्ट, 3 वॅट एवढाच त्याचा जीव, पण एलईडीला तेवढं पुरून उरतं. सिग्नलला थांबलात तरी दिव्यातला कपॅसिटर, म्हणजे थोडी वीज साठवणारा भाग, तो काही मिनिटं जिवंत ठेवतो. ट्युबिंगेनचा 'झोन' हा हब सगळ्यात नावाजलेला. महाग आहे. त्याखालच्या किमतीतलेही चांगले मिळतात आणि त्यात कमीपणा काही नाही. दिवसा याच डायनामोवर फोन चार्ज करता येतो खरा, पण साधारण ताशी 15 किलोमीटरच्या वेगाने सलग चालवत असाल तरच. चढावर तो भरवसा ठेवू नका.

आता चाकं. माझ्या मते पैसे घालायची खरी जागा ही. लोक गिअरवर खर्च करतात आणि चाक आहे तसंच ठेवतात, मग सामान लादल्यावर स्पोक तुटायला लागतात. तेही बहुतेक वेळा मागच्या चाकाच्या उजव्या बाजूचे. तिथे गिअरची कॅसेट, म्हणजे दातेरी चकत्यांचा गठ्ठा असल्यामुळे स्पोक जवळजवळ उभे बसतात आणि त्यांच्यावर ताण जास्त असतो. स्पोक फार आवळल्याने तुटतो असा समज आहे. प्रत्यक्षात चाकाच्या प्रत्येक फेरीला तो जमिनीशी आला की थोडा सैल पडतो, पुन्हा ताणला जातो. असं लाखो वेळा झालं की हबपाशी जिथे त्याची मान वाकलेली असते तिथे तो थकून सुटतो. म्हणून मागे 36 स्पोकचं चाक, स्पोक दोन्ही टोकांना 2 मिमी आणि मध्ये 1.8 मिमीचे. मधला बारीक भाग थोडा जास्त ताणतो आणि मानेवरचा भार उचलतो. निपल, म्हणजे रिमपाशी स्पोकला धरणारे छोटे नट, पितळेचेच घ्या. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि ॲल्युमिनियमचे निपल त्यात असे गंजून बसतात की चाकाचा आउट (वाकडेपणा) काढायला गेलं तर फिरायच्या ऐवजी फुटतात.

चाक बांधून घेतल्यावर शेजारशेजारचे दोन-दोन स्पोक बोटांत धरून दाबत जा. एकाच बाजूचे सगळे साधारण सारख्या कडकपणाचे लागले पाहिजेत. नखाने छेडलं तर सूरही जवळपास एकच यावा. तंबोरा जुळवणाऱ्याला हे सांगायला नको. एखादा बद्द वाजला तर तोच उद्याचा तुटणारा.

टायरवर 37-622 किंवा 47-622 असे आकडे दिसतील. पहिला आकडा रुंदीचा, दुसरा रिमच्या व्यासाचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये. दुकानातले '28 इंची' वगैरे शब्द सोडून द्या आणि फक्त हे आकडे बघा. मी 47 कडे सरकले, कारण पूर्व जर्मनीतल्या जुन्या गावांमधून जाताना दगडी फरसबंदी लागते आणि अरुंद, टणक टायरवर ती मणक्याला जाणवते. श्वाल्बे कंपनीच्या मॅरेथॉन प्लस टायरमध्ये आत 5 मिमी जाडीचा रबराचा थर असतो. काच, काटा सहसा त्याच्या पलीकडे जात नाही. जड आहे, रिमवर चढवताना अंगठे सोलतात. पावसात रस्त्याकडेला बसून पंक्चर काढण्यापेक्षा मला ते परवडतं. बाजूला चकाकणारी पट्टी असतेच, म्हणजे आऱ्यांतले रिफ्लेक्टर लावायला नकोत.

कॅरियरच्या बाबतीत मी हट्टी आहे. स्टीलच्या नळीचाच हवा. म्युन्स्टरच्या टुबुस कंपनीचा 'कार्गो' 40 किलो झेलतो, आणि समजा तडकला तर वेल्डिंगच्या कुठल्याही दुकानात जोडता येतो. ॲल्युमिनियमला हे जमत नाही असं नाही, पण ते जोडणारा सापडायला हवा. तरी कॅरियर मोडतो क्वचितच. दगा देतात ते बोल्ट. फ्रेमला धरणारे बोल्ट 5 मिमीचे असतात आणि रस्त्याच्या थरथरीने गुपचूप सैल होतात. त्यांना निळं थ्रेडलॉक (आटे धरून ठेवणारा डिंक) लावा आणि शक्य तिथे मागून नायलॉनचा नट. माझे कॅरियर, मडगार्ड, बाटलीचा पिंजरा हे सगळं आता एकाच 4 नंबरच्या ॲलन कीने उघडतं. वेगळ्या डोक्याचा स्क्रू आला की मी तो बदलूनच टाकते. सायकलवाल्या मैत्रिणी हसतात.

पिशव्यांमध्ये इथे ऑर्टलीबचंच राज्य आहे. हार्टमुट ऑर्टलीब हे गृहस्थ दक्षिण इंग्लंडात सायकलवर पावसात भिजत असताना त्यांना ट्रकची ताडपत्री दिसली, त्याच कापडाच्या पिशव्या त्यांनी शिवल्या आणि 1982 मध्ये कंपनी काढली. तोंड गुंडाळून बंद करायचं, चेन नाही, त्यामुळे पाणी शिरायला वाट नाही. पण आतली ओलही बाहेर जात नाही, म्हणून ओला टॉवेल आत ठेवलात तर संध्याकाळी वास ठरलेला. मात्र ज्यावर घेणारे लक्ष देत नाहीत ती गोष्ट हुकांची. हुकाच्या आत बसवायला प्लास्टिकचे छोटे तुकडे पिशवीबरोबर येतात, ते कॅरियरच्या नळीच्या जाडीप्रमाणे लावायचे. ते न लावता तशीच पिशवी अडकवली की ती दिवसभर खटखटते आणि नळीचा रंग खरवडून काढते. दोन मिनिटांचं काम आहे. पुढे एखादा हुक तुटला तर तेवढा हुक सुटा मिळतो, अख्खी पिशवी टाकावी लागत नाही. इथल्या कंपन्यांचं मला सगळ्यात आवडलेलं ते हेच.

पिशव्या पटकन निघतात की नाही याची खरी परीक्षा रेल्वे स्टेशनवर होते. रिजनल गाड्यांमध्ये सायकलचं तिकीट काढून चढता येतं, लांबच्या गाड्यांत जागा आधी राखून ठेवावी लागते आणि काही डब्यांत सायकल आकड्याला उभी टांगायची असते. लिफ्ट बंद, बदलायच्या गाडीला थोडीच मिनिटं, आणि पुढे जिना. अशा वेळी चार पिशव्या एका हाताने उचलून सुटल्या नाहीत तर गाडी गेलीच समजा. म्हणून पिशव्यांना वरून दोऱ्या, बंजी वगैरे बांधायचा सोस मी सोडला.

गिअरबद्दल थोडक्यात. वरचा गिअर किती वेगवान आहे हे विचारू नका, सगळ्यात खालचा किती हलका ते विचारा. पुढे 22 दात, मागे 34 आणि 622 चं चाक असेल तर पेडलच्या एका फेरीला सायकल साधारण 1.4 मीटर पुढे जाते. मिनिटाला 60 फेऱ्या मारल्या तर ताशी 5 किलोमीटर, म्हणजे चालण्याचा वेग. सामानासकट घाट चढायला हेच लागतं. कासेलजवळच्या रोलॉफ कंपनीचा, सगळे 14 गिअर आतच असलेला हब 1998 पासून आहे आणि त्याचे भक्त इथे पावलोपावली भेटतात. वर्षातून एकदा किंवा 5000 किलोमीटरला तेल बदला, की झालं. वस्तू देखणी आहे. पण आत काही बिघडलं तर माझ्याकडच्या पान्यांनी मी तो उघडणार नाही, म्हणून माझा मान साध्या 9 गिअरच्या कॅसेटला.

साखळी मात्र मोजत राहायची. तिचे दहा पूर्ण जोड, म्हणजे आतली आणि बाहेरची अशा दहा जोड्या, नव्या असताना बरोबर 254 मिमी भरतात. पिन झिजल्या की लांबी वाढते. स्टीलची पट्टी लावून 256 दिसलं की साखळी बदला, नाहीतर ती कॅसेटचे दात खाते आणि मग दोन्हींचा खर्च.

ब्रेक शूंकडेही बघत जा. पावसात चालवल्यावर रबरात रिमचे बारीक चमकणारे कण रुततात, ते टाचणीने उकरून काढले नाहीत तर रिमच खरवडत राहतात. बहुतेक रिमना झीज कळायला बाजूने खाच किंवा टिंब असतं. ते पुसट झालं की रिम संपली. मडगार्ड टायरपेक्षा 8-10 मिमी तरी रुंद असावं. पुढच्या मडगार्डच्या तारा झटका बसल्यावर सुटणाऱ्या क्लिपने धरलेल्या असाव्यात. एखादी काटकी चाकात अडकून मडगार्ड आत ओढलं गेलं तर ती क्लिप निघते आणि चाक अडत नाही. ती नसेल तर तुम्ही हँडलवरून पुढे.

सीटबद्दल सल्ला देणार नाही. प्रत्येकाची बसायची हाडं वेगळी. खोक्याच्या पुठ्ठ्यावर पाय थोडे उचलून बसा आणि पडलेल्या दोन खळग्यांमधलं अंतर मोजून मग दुकानात जा. एवढं पुरे.

बरोबर न्यायच्या सुट्या भागांत गिअर आणि ब्रेकची एकेक केबल, साखळीचा जोड आणि स्पोक. मागच्या उजव्या, मागच्या डाव्या आणि पुढच्या स्पोकची लांबी सहसा वेगवेगळी असते. तिन्ही प्रकार घ्या, उजवे जास्त, आणि त्यांच्यावर चिठ्ठ्या चिकटवून फ्रेमच्या नळीला टेपने बांधून ठेवा. उजवा स्पोक बदलायला आधी कॅसेट काढावी लागते. त्यासाठी मोठ्या पान्याऐवजी फ्रेमला टेकवून फिरवायचं, बोटभर लांबीचं अवजार मिळतं, ते घ्या. आणि निघण्याआधी एकदा घरीच कॅसेट काढून, पुन्हा बसवून बघा.